पहिलं रॉथ आयआरए: फिडेलिटी, व्हॅनगार्ड की श्वाब?

प्रश्न: मी अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या एडिसनला राहते, वय 27. कंपनीचं 401के, म्हणजे नोकरीतून मिळणारं निवृत्तीचं खातं आहे, आता स्वतःचं रॉथ आयआरए, म्हणजे कर भरलेले पैसे निवृत्तीसाठी गुंतवायचं खातं उघडायचंय. कुठे उघडू, कोणता इंडेक्स फंड (बाजाराच्या निर्देशांकामागे चालणारा फंड) घेऊ? पुढेमागे पुण्याला परतायचा विचार आहे, म्हणून धाकधूक वाटते.

उत्तर: तिन्ही गुंतवणूक कंपन्या (ब्रोकर) चांगल्या, फंडांच्या वार्षिक खर्चात फरक नगण्य. फिडेलिटीचा एफएक्सएआयएक्स फंड 0.015 टक्के, श्वाबचा एसडब्ल्यूटीएसएक्स 0.03, व्हॅनगार्डचा व्हीटीएसएएक्स 0.04 टक्के, यात मात्र सुरुवातीला किमान 3000 डॉलर लागतात. ज्यांचं अ‍ॅप आवडेल तिथे उघडा.

उत्तर: ताई, परतायचंय ना? मग ब्रोकरला आधी विचारा, भारताचा पत्ता दिल्यावर खात्याचं काय होतं. देशाबाहेर राहणाऱ्यांना अनेक जण म्युच्युअल फंडांची नवी खरेदी करू देत नाहीत. म्हणून मी व्हॅनगार्डचा व्हीटीआय हा ईटीएफच (शेअरसारखा बाजारात विकत घेता येणारा फंड) सुचवेन: संपूर्ण अमेरिकी बाजार, खर्च 0.03 टक्के, कुठल्याही ब्रोकरकडे हलवता येतो. फिडेलिटीचा एफझेडआरओएक्स शून्य खर्चाचा, पण दुसरीकडे नेता येत नाही, विकावाच लागतो. आणि हो, रॉथमध्ये भरलेली मूळ रक्कम कधीही कर-दंडाशिवाय काढता येते. वय 59½ आणि खात्याला 5 वर्षं पूर्ण, ही अट नफ्याला आहे. तेव्हा घाबरू नका, उघडाच!

प्रश्नकर्ती: मूळ रकमेचं कळल्यावर खूप धीर आला. व्हीटीआयच घेते. परतल्यावर भारतात कर कसा लागेल?

उत्तर: ते दोन्हीकडचे कायदे जाणणाऱ्या सीएला विचारा, निघायच्या आधीच. सध्या एवढंच बघा की पैसे भरल्यावर व्हीटीआयची खरेदीही झाली पाहिजे. नुसते भरले तर ते रोख पडून राहतात.