नाव कळलं, पण औषध कुठलं?

कुणीतरी विचारलंय, मॅल्डी-टॉफ मशीन जंतूचं नाव काही मिनिटांत सांगतं, मग ब्लड कल्चरचा (रक्तातले जंतू वाढवून बघायच्या तपासणीचा) रिपोर्ट दोन-तीन दिवस का रखडतो? अहो, मशीनला आधी वाढलेला जंतू लागतो. रक्ताची बाटली पॉझिटिव्ह व्हायलाच, म्हणजे त्यात जंतू वाढल्याचं कळायलाच, बहुधा 12 ते 24 तास जातात. शिवाय नुसत्या नावावरून कुठलं अँटिबायोटिक लागू पडेल ते कळत नाही. तिथे युकास्ट या युरोपीय समितीची रॅस्ट, म्हणजे औषध लागू पडतं का ते झटपट बघायची पद्धत कामाची: पॉझिटिव्ह बाटलीतले सुमारे 125 मायक्रोलिटर थेट जंतू वाढवायच्या प्लेटवर पसरायचे, अँटिबायोटिकच्या डिस्क (चकत्या) ठेवायच्या, 4, 6 आणि 8 तासांनी झोन, म्हणजे डिस्कभोवतीची जंतू न वाढलेली गोल जागा, मोजायचे. चार तासांना झोनची कडा इतकी पुसट असते की डोळे ताणून थकतात. नीट दिसली नाही तर प्लेट परत इन्क्युबेटरमध्ये. पण बाटली रात्री दोनला पॉझिटिव्ह झाली आणि लॅबला सकाळपर्यंत कुलूप असेल, तर कसलं आलंय रॅपिड?