टेबलात एक्सएमएल कोंबलंय, रिपोर्ट काढायचा कसा? (बजेट शून्य)

साचावाळू: नमस्कार मंडळी, गोकुळ शिरगावला फौंड्रीत ऑफिस बघतो. कस्टमरचं शेड्यूल एक्सएमएलमध्ये (टॅग लावलेली मजकूर फाईल) येतंय आणि आधीच्या पोरानं अख्खी फाईल एनव्हारचार मॅक्स, म्हणजे साध्या मजकुराच्या कॉलमात कोंबून ठेवलीय. डेटाबेस एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेस २०१९, फुकटवाला. मालकांना पार्टनंबरवार नग पाहिजेत. एक्सएमएल टाईपला कास्ट केलं (बदललं) की 'अनेबल टू स्विच द एन्कोडिंग' म्हणतंय. बजेट शून्य.

उद्यमनगरी: आधी सर्व्हर बदला. आम्ही दिवाळीला एसएसडीवाला घेतला, पावणेदोन लाख गेले पण रिपोर्ट बघा कसा पळतोय.

साचावाळू: दादा, शून्य लिहिलंय.

काकवी: भावा, फाईलच्या पहिल्या ओळीत यूटीएफ-८ (अक्षरं साठवायची पद्धत) लिहिलेलं असणार आणि एनव्हारचार आत यूटीएफ-१६, म्हणून भांडण. रिप्लेसनं ती ओळ उडव, मग कास्ट कर. आधी साधं व्हारचार करून बघू नकोस, मी केलतं, शेऱ्यातल्या मराठीची सगळी प्रश्नचिन्हं झाली, दोन दिवस बसून हातानं टाईप केलं.

हत्तीवाला: पोस्टग्रेस डेटाबेसला या, फुकट हाय. १० व्हर्जनपासनं एक्सएमएलटेबल आलंय, पाथ द्या, ओळी-कॉलम तयार.

जुनं_खोड: तुम्हाला सगळं आयतं मिळालंय. एक्सएमएल टाईप २००५ ला आला, त्याआधी ओपनएक्सएमएल, काम झालं की मेमरीतली फाईल आपणच काढायची. मी एकदा रिमूव्ह डॉक्युमेंट लिहायला विसरलो, मेमरी भरत गेली, रात्री दहाला जेवणावरनं उठून कारखान्यात जायला लागलं.

नवाभिडू: आजकाल एक्सएमएल कोण वापरतंय? जेसन फॉरमॅट घ्या.

काकवी: कस्टमरला सांगा की जाऊन.

साचावाळू: काकवीदादा, कास्ट झाला!! पण टॅगांच्या ओळी पाडायला क्रॉस अप्लाय नोड्स लावलं तर शून्य ओळी, एररसुद्धा नाही.

नवाभिडू: पाथचं स्पेलिंग बघा, कॅपिटल-स्मॉल वेगळं धरतंय.

काकवी: ते बघच, पण रूट (सगळ्यात वरच्या) टॅगात एक्सएमएलएनएस, म्हणजे नेमस्पेसचा पत्ता, हाय का? असलं तर वर विथ एक्सएमएलनेमस्पेसेस लिहून तोच पत्ता डिफॉल्ट म्हणून दे, नाहीतर जन्मभर शून्यच. आणि व्हॅल्यूमध्ये पाथ गोल कंसात घालून पुढं चौकटी कंसात १ टाक, नाहीतर सिंगलटन, म्हणजे एकच किंमत, मागत बसतंय.

उद्यमनगरी: एन्कोडिंगचा प्रॉब्लेम असणार, पहिली ओळ उडवा.

हत्तीवाला: झालं की ओ ते.

जुनं_खोड: कॉलमच एक्सएमएल टाईपचा करा आणि शोध पटकन लागायला प्रायमरी एक्सएमएल इंडेक्स टाका. त्यासाठी टेबलाला क्लस्टर्ड प्रायमरी की (ओळी जिच्या क्रमानं ठेवतात ती) लागते.

काकवी: इंडेक्स जागा लै खातोय, तुझ्या २०१९ एक्सप्रेसला डेटाबेसमागं १० जीबीची वेस हाय. त्यापेक्षा फाईल आली की पार्टनंबर, नग, तारीख साध्या टेबलात काढून ठेव, सगळी कटकट मिटली.

हत्तीवाला: पोस्टग्रेस.

साचावाळू: आलं एकदाचं, नेमस्पेसच होतं. चार मिनिटं लागतात. मालकांना आठवड्यातनं एकदाच पाहिजे, तेव्हा इंडेक्स नाही, नवीन टेबल नाही, काय नाही. शनिवारी क्वेरी चालू करतो आणि गेटवर चहाला जातो.

काकवी: अरे मर्दा, वर्षभरानं चाळीस मिनिटं लागतील.

साचावाळू: मग मिसळ खाऊन येतो.