डीव्हीडी प्लेअरचं चित्र नवीन टीव्हीवर ब्लॅक अँड व्हाइट येतंय – तातडीने मदत हवी आहे

कृष्णाकाठ
रविवारी आजीचं सहस्रचंद्रदर्शन आहे. काकाच्या लग्नाची २००६ची डीव्हीडी सगळ्यांना लावून दाखवायची आहे. आजोबा चालतेबोलते फक्त त्या एका डिस्कवर आहेत. त्यांचा फेटा अबोली होता असं आजी म्हणते, काका म्हणतो केशरी. आणि आमच्याकडे चित्र ब्लॅक अँड व्हाइट! आवाज खणखणीत. प्लेअर जुनाच, टीव्ही दिवाळीत घेतलेला. केबल दोनदा बदलली, सेटिंगमध्ये सगळं करून पाहिलं. लवकर सांगा, तीनच दिवस आहेत.

वायरमन
कुठली केबल? प्लेअरच्या मागे कुठकुठले आउटपुट आहेत? टीव्हीला कुठे जोडलंय? ‘सगळं करून पाहिलं’ यावरून काही कळत नाही हो. मागच्या बाजूचा फोटो टाका.

जुनी_टेप
पाल-एनटीएससीचा घोळ आहे, म्हणजे टीव्ही सिग्नलच्या दोन पद्धतींचा. आपल्याकडच्या लग्नाच्या डिस्क पाल असतात, ५७६ रेषा, सेकंदाला २५ फ्रेम. एनटीएससीला ४८० रेषा, जवळजवळ ३० फ्रेम. प्लेअरचं ‘टीव्ही टाइप’ एनटीएससीवर गेलं की रंग उडतात. आमच्याकडे अगदी असंच झालं होतं. पाल करा.

वायरमन
ते जुन्या डब्बा टीव्हीवर व्हायचं. आताचे टीव्ही दोन्ही ओळखतात.

जुनी_टेप
ओळखतात म्हणून सेटिंग चुकीचं ठेवायचं का?

माजघर
लेन्स साफ करून बघा. आमची डिस्क सारखी अडकायची, कापसाने हलक्या हाताने पुसली आणि चालू झाली.

कृष्णाकाठ
ताई, डिस्क अडकत नाहीये. रंग नाहीत.

गुलमोहर३०
एवढी खटपट कशाला? एचडीएमआयवाला प्लेअर घ्या. १०८०पी अपस्केल होतं, चित्र लख्ख.

वायरमन
अपस्केल म्हणजे ७२० बाय ५७६चंच चित्र मोठं करणं. डिस्कवर नाही ते कुठून येणार? टीव्हीसुद्धा तेच करतो.

गुलमोहर३०
मी रोज बघतो, फरक दिसतो. प्लेअरच्या पिवळ्या व्हिडिओ पिनमधून उजेड आणि रंग एकाच तारेतून येतात, कडा फुटतात. एचडीएमआयला ते होत नाही.

वायरमन
मग तो फरक केबलचा झाला, अपस्केलचा नाही. एवढं मान्य.

कृष्णाकाठ
कृपा करून भांडू नका, इथे आणखी बिघडलंय. मित्राच्या सांगण्यावरून मेनूत प्रोग्रेसिव्ह स्कॅन ऑन केलं आणि स्क्रीन काळी. आता मेनूच दिसत नाही, परत फिरवू कसं? आणि हो, टीव्हीला पिवळं भोकच नाही, म्हणून पिवळी पिन हिरव्यात लावली आहे.

वायरमन
अहो, हेच पहिल्या पोस्टमध्ये हवं होतं! बऱ्याच नव्या टीव्हींत हिरवं भोक दोन कामांचं असतं: पिवळ्या पिनसाठी ‘एव्ही’ आणि हिरव्या-निळ्या-लाल अशा तीन पिनांसाठी ‘कॉम्पोनंट’. टीव्हीचा सोर्स ‘कॉम्पोनंट’वर असेल तर तो हिरव्यातून फक्त उजेडाचा सिग्नल घेतो, रंग निळ्या आणि लाल पिनमधून येतील म्हणून थांबतो. ते येत नाहीत, म्हणून ब्लॅक अँड व्हाइट. सोर्समध्ये ‘एव्ही’ निवडा, रंग येतील. भोकाशेजारी ‘व्हिडिओ’ असंही छापलंय का ते बघून घ्या.

आता काळी स्क्रीन. प्रोग्रेसिव्ह स्कॅन, म्हणजे चित्राच्या सगळ्या रेषा एका दमात पाठवणं, हे कॉम्पोनंटसाठी असतं. ते ऑन केलं की बऱ्याच प्लेअरमध्ये पिवळी पिन बंद पडते किंवा चित्र फाटतं. डिस्क बाहेर काढा, रिमोटवर ‘पी-स्कॅन’ किंवा ‘व्ही-मोड’ बटण असेल तर एकेकदा दाबून चार-पाच सेकंद थांबत जा. बटण नसेल तर प्लेअरची हिरवी, निळी, लाल टीव्हीच्या त्याच रंगांत लावा, सोर्स कॉम्पोनंट करा. मेनू दिसेल, तिथून बंद करा. खरं तर तीच जोडणी कायम ठेवलीत तर चित्र पिवळ्या पिनपेक्षा चांगलं येईल. आवाजाच्या लाल-पांढऱ्या पिना वेगळ्या. दोन लाल पिनांची अदलाबदल करू नका.

कृष्णाकाठ
व्ही-मोड बटण होतं! डिस्क असताना दाबत होतो, काहीच होत नव्हतं. काढल्यावर तिसऱ्यांदा दाबलं आणि मेनू आला. सोर्स एव्ही केला, रंग आले. पण सगळे जाड दिसतायत.

वायरमन
२००६ची लग्नाची डिस्क बहुतेक ४:३ (रुंदी-उंचीचं प्रमाण) असणार, टीव्ही ती १६:९मध्ये ताणतोय. टीव्हीच्या पिक्चर साइजमध्ये ४:३ करा. दोन्ही बाजूंना काळे पट्टे येतील, ते बरोबर आहे. प्लेअरचं ‘टीव्ही डिस्प्ले’ १६:९च ठेवा; पॅन स्कॅन आणि लेटरबॉक्स हे जुन्या ४:३ टीव्हीसाठी.

माजघर
एकच डिस्क असेल तर रविवारच्या आधी कॉम्प्युटरवर कॉपी काढा. या डिस्क जुन्या झाल्या की वाचता येत नाहीत. आमच्या मुलीच्या बारशाची अशीच गेली.

कृष्णाकाठ
आजच काढतो ताई. वायरमन, खूप आभार. आजीला आत्ताच दोन मिनिटं दाखवलं. फेटा अबोलीच होता.

जुनी_टेप
छान झालं. टीव्ही टाइप पाल केलंत ना?