देश बिघडतो, त्यात आपला हात किती? अनुभव लिहा

रस्ते, कचरा, चिरीमिरी, विषय कुठलाही काढा, "या देशाचं काही खरं नाही" म्हणून आपण मोकळे होतो. नागरिकांची मूलभूत कर्तव्यं १९७६ साली घटनेत आली, शाळेत आपण ती पाठही केली. सार्वजनिक काम बिघडताना किंवा सुधारताना साध्या माणसांचा हात तुम्ही कुठे पाहिलात, ते लिहा. नेत्यांबद्दल इथे नको.

कुर्ला
२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिमी पाऊस झाला. जुनी गटारं ताशी २५ मिमीच्या हिशोबानं बांधलेली, ती तुंबणारच होती. पण पाणी ओसरल्यावर आमच्या गल्लीतलं गटार उपसताना मी तिथे उभा होतो. दुधाच्या पिशव्या, गुटख्याच्या पुड्या, थर्माकोल, एक अख्खी गादी. कामगाराचं फावडं पिशव्यांच्या गुंत्यात अडकायचं, मग तो वाकून हातानं ओढायचा. मिठी नदीत भराव घालणाऱ्यांचा गुन्हा मोठाच, पण ती गादी आमच्याच गल्लीतली होती.

बोरिवली
मी शिक्षिका, निवडणुकीची ड्युटी लागते. सकाळी सातला रांगेत कामावर जायच्या आधी आलेल्या चाळीतल्या बायका असतात. शेजारच्या टॉवरच्या यादीवर दुपारपर्यंत फारशा खुणा होत नाहीत. पालिकेला २०१७ मध्ये साधारण ५५ टक्के मतदान झालं, तर त्याचंच कौतुक! मार्च २०२२ ला नगरसेवकांची मुदत संपली आणि निवडणूक झाली थेट जानेवारी २०२६ मध्ये. मधला सगळा काळ प्रशासक. आमच्या स्टाफरूममध्ये हा विषय कधी निघालाच नाही, याचं फार वाईट वाटतं.

घाटकोपर
इथल्या जोशी गल्लीतल्या रहिवाशांनी नव्वदच्या दशकात कचऱ्याचं काम हाती घेतलं, त्यातून पालिकेची एएलएम योजना (रहिवाशांनी पालिकेसोबत आपला परिसर सांभाळायची) उभी राहिली. आमच्या सोसायटीत मात्र ओला-सुका वेगळा करायला कोणी तयार नव्हतं. शेवटी दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी कचरा नेणाऱ्या दादांनाच मीटिंगला बोलावलं. त्यांनी काचेनं कापलेले तळवे दाखवले. आता फुटलेली काच कागदात गुंडाळून, वर लाल पेनानं फुली मारून खाली येते.

गोरेगाव
सगळ्यांचा वाटा सारखा धरू नका. माझ्या भावाचं पोळीभाजी केंद्र. कागद पूर्ण, तरी परवान्याची फाईल हलेना. एजंट म्हणाला, "थोडं वजन ठेवा." भावानं माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला: फाईल कुठल्या टेबलावर, किती दिवस? दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप, तीस दिवसांत उत्तर देणं बंधनकारक. उत्तराच्या आधी परवाना हातात आला. पण तोवर दुकान बंद आणि भाडं चालू. ज्याला तेवढं थांबणं परवडत नाही, तो पैसे देतो. त्याला आणि मजले वाढवायला पाकीट देणाऱ्या बिल्डरला एकाच रांगेत उभं करायला माझं मन धजत नाही.

कुर्ला
दादा, पटलं. भावाच्या अर्जातले प्रश्न जसेच्या तसे इथे टाकाल का? आमच्या गल्लीच्या नालेसफाईबद्दल विचारायचंय.