परग्रहावरच्या बुद्धिमंतांना 'वेळ' कळायलाच हवी का?

भटका धूमकेतू: बुद्धी आली की काळाची कल्पना आलीच, असं धरून चालणं ही आपली खोड आहे. आपल्याला दिवस-रात्र आयती मिळाली म्हणून घड्याळ सुचलं. गुरूच्या युरोपा चंद्रावर बर्फाखाली समुद्र आहे. तसल्या काळोखात कुणी विचार करू लागलंच, तर ना सूर्य ना तारे. मोजणार काय, आणि कशाला?

शंकासुर: उदाहरण अंगाशी आलं तुमच्या. युरोपा साडेतीन दिवसांत गुरूभोवती फिरतो आणि त्या लंबवर्तुळाकार फेरीत गुरू त्याला सतत ताणतो, सैल सोडतो. त्या ताणातून उष्णता निघते, म्हणून तर समुद्र गोठत नाही. आकाश नसेना का, ती ओढ अंगाला कळेल!

भटका धूमकेतू: लय मिळेल, मान्य. पण लय कळली म्हणजे काळ कळला का? व्हीनस फ्लायट्रॅप या किडे खाणाऱ्या झाडाच्या पानावरच्या केसाला एकदा धक्का लागला तर ती ढिम्म. साधारण २० सेकंदांच्या आत दुसरा लागला की पान मिटतं. तिला काय सेकंद ठाऊक आहेत?

पैलतीर: मध्येच तोंड घालतो. आपला 'परवा' मागचा की पुढचा, हे तरी कुठे कळतं? अडतं का काही?

शंकासुर: अडत नाही, कारण 'गेलो' की 'जाणार' हे क्रियापद सांगतं. काळ तिथे लपलाय, पैलतीर. आणि फ्लायट्रॅप बुद्धिमान नाही हो. बुद्धी म्हणजे अजून न घडलेल्याची तयारी. शिवाय आपल्याशी बोलायला रेडिओ लागेल. हायड्रोजन आपसूक सोडतो त्या रेडिओलहरीची, १४२० मेगाहर्ट्झची रेषा, म्हणजे सेकंदाला १४२ कोटी कंपनं. वेळेशिवाय सांगा बघू.

भटका धूमकेतू: २१ सेंटिमीटर. तीच रेषा, तरंगलांबीत. १९७२ च्या पायोनियर यानावरच्या, परग्रहवासीयांसाठी धाडलेल्या फलकात तिच्यावरूनच लांबीचं आणि वेळेचं, दोन्ही एककं घेतली होती. त्यांचं एकात भागेल.

शंकासुर: त्याच फलकावर १४ पल्सारही आहेत, म्हणजे स्वतःभोवती फिरत ठरावीक वेळाने रेडिओ ठोके देणारे तारे, प्रत्येकाच्या आवर्तनकाळासकट. त्यांचं काय?

भटका धूमकेतू: १९६७ साली सापडलेला पहिला पल्सार घ्या. आपण म्हणतो, दर १.३३७ सेकंदांनी ठोका. ते म्हणतील, प्रकाशाच्या वेगाने ओळीने येणाऱ्या दोन ठोक्यांत ४ लाख किलोमीटरचं अंतर. त्यांच्या मापात, अर्थात.

शंकासुर: वा! आणि पहिला ठोका पोचल्यावर दुसरा येईपर्यंत ते काय करत होते?