कापडी बाहुलीची मान पडते, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

दोन महिन्यांपासून कापडी बाहुल्या करायला शिकते आहे. साधे कपडे शिवता येतात, त्यामुळे मशीनची भीती नाही. पण तीन बाहुल्या झाल्या आणि तिन्हींची मान पडली.

कापड मांजरपाट, आधी धुऊन इस्त्री केलेलं. डोकं आणि धड सलगच कापते. पहिलीच्या वेळी कापड वाचवायला तुकडा उरेब, म्हणजे धाग्यांना तिरका, कापला होता. तो भरताना असा काही ताणला गेला की मान लांबच लांब झाली. ती चूक कळली, आता उभ्या धाग्यावरच कापते.

दुसरीची मान दीड इंच रुंद ठेवली. दोन्हीकडची पाव-पाव इंच शिलाईची माया गेल्यावर राहिली एक इंच, आणि फायबर (कृत्रिम कापूस) भरून गोल झाल्यावर त्याहून बारीक दिसायला लागली. वर डोकं चार इंचांचं! भरताना ताठ वाटली, पण दोन दिवस हाताळल्यावर गळ्यापाशी आडवी घडी पडली. तिथे चिमटीत धरलं तर आत चक्क पोकळी लागते. डोक्यातला फायबर वर आणि धडातला खाली, मधे काहीच नाही. मी आधी डोकं ठासते, मग धड. इथेच चुकतंय का? मान भरताना दोन्हीकडचा फायबर एकमेकांत कसा गुंतवायचा?

तिसरीत लाकडी काडी घातली. मान उभी राहिली, दोन आठवड्यांनी एका बाजूला कलली. शिवाय बाहुली चार वर्षांच्या भाचीसाठी आहे. काडी मोडून कापडातून बाहेर आली तर? बटणांचे डोळेसुद्धा याच काळजीने लावले नाहीत, दोऱ्याने भरले. त्यामुळे काडीशिवायचा उपाय हवा आहे. डोकं वेगळं शिवून, भरलेली मान त्यात खुपसून लपत्या टाक्यांनी जोडली तर टिकते का? कोणी केलं असेल तर मान डोक्यात किती आत घ्यायची तेही सांगा.

अजून एक. डोळे कापड सपाट असतानाच भरले, तेव्हा जागच्या जागी होते. डोकं भरल्यावर दोन्ही कानांकडे सरकले. तुम्ही चेहरा डोक्यात फायबर भरण्याआधी काढता की नंतर? नंतर काढत असाल तर दोऱ्याच्या गाठी केसांखाली लपवता का?

चौथीचं कापड कापून ठेवलंय, पण मानेचं नक्की होईपर्यंत शिवायला घेत नाही.