खोल समुद्रातले खाणकाम: भारताने थांबावे की उतरावे?

कळव्याहून:
एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी खोल समुद्रातील खाणकामाला गती देणारा आदेश काढला आणि लागलीच कॅनडाच्या ‘द मेटल्स कंपनी’ने, अशा खाणकामाचे नियम ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय समुद्रतळ प्राधिकरणाला बगल देऊन, पॅसिफिकमधील क्लॅरियन-क्लिपर्टन पट्ट्यासाठी थेट अमेरिकेकडे परवाना मागितला. राष्ट्रीय हद्दीबाहेरचा समुद्रतळ १९८२ च्या सागरी कायद्याच्या आंतरराष्ट्रीय कराराने अखिल मानवजातीचा वारसा ठरवला आहे. अमेरिकेने तो करार स्वीकारलेला नाही म्हणून कंपनीला मोकळे रान मिळावे, हे मला अजिबात मान्य नाही. तिथे पडलेले बटाट्याएवढे, निकेल-कोबाल्टसारखे धातू असलेले गोटे दहा लाख वर्षांत जेमतेम काही मिलिमीटर वाढतात, आणि त्यांनाच चिकटून स्पंज व प्रवाळ जगतात. गोटे उचलले की त्यांचा आसरा कायमचा गेला. भारताने या परवान्याला उघड विरोध करावा आणि स्वतःही थांबावे.

ऐरोलीहून:
पहिली मागणी रास्त आहे, दुसरी नाही. ‘गवेषणी’ या भारतीय संशोधन जहाजाने २६ जानेवारी १९८१ रोजी असे गोटे वर काढले, प्राधिकरणाशी झालेल्या २००२ च्या करारानुसार मध्य हिंद महासागरातील ७५,००० चौरस किलोमीटर क्षेत्रात शोध घेण्याचा हक्क आपल्याला मिळाला, आणि २०२१ मध्ये चेन्नईच्या राष्ट्रीय सागर प्रौद्योगिकी संस्थेचे समुद्रतळावर फिरणारे ‘वराह’ यंत्र ५,२७० मीटर खोलीवर चालून दाखवले गेले. एवढी मेहनत अशीच सोडून द्यायची? बॅटरीत लागणाऱ्या कोबाल्टसाठी आपण पूर्णपणे आयातीवर अवलंबून आहोत, आणि काँगोच्या खाणींत मुले राबतात हेही जगजाहीर आहे. जमिनीवरच्या खाणी जंगल गिळतात तेव्हा आपला जीव एवढा कासावीस का होत नाही?

कळव्याहून:
होतो, म्हणूनच तीच चूक नव्या जागी नको. लोह-फॉस्फेट बॅटरीत ना निकेल लागते ना कोबाल्ट, आणि अशा बॅटरीच्या गाड्या रस्त्यावर आहेतच. १९८९ मध्ये जर्मन शास्त्रज्ञांनी पेरूजवळच्या समुद्रतळावर नांगरासारखे अवजार फिरवले. २६ वर्षांनी पाहिले तर चर तसेच होते आणि गाळातल्या सूक्ष्मजीवांचे कामही पूर्ववत झालेले नव्हते.

दिवाळे गावातून:
आम्ही खाडीत मासेमारी करणारे. सक्शन पंपाने रेती उपसली की पाणी गढूळ होते, तळाला खड्डे पडतात, निवटी आणि बोय दिसेनाशी होतात, आणि भरपाई मागायला गेले की नुकसान मोजून दाखवा असे सांगितले जाते. आधीची नोंदच कोणी ठेवलेली नसते, मग मोजायचे कशाशी? खोल समुद्रातही यंत्र तळाचा गाळ उडवणार आणि जहाज गोटे वेगळे करून गढूळ पाणी परत समुद्रात सोडणार. तो गाळ किती दूर जातो हे कंपनीच्या पगारावरील माणसाने मोजू नये, एवढी अट तरी करारात हवी.

ऐरोलीहून:
ही अट मी बिनशर्त मान्य करतो. तरीही शोधमोहीम थांबवू नये, कारण तळाची आधीची नोंद करायला कोणाला तरी तिथवर उतरावेच लागेल. उपसा मात्र प्राधिकरणाचे नियम पूर्ण होईपर्यंत भारतानेही सुरू करू नये.

कळव्याहून:
मग सरकारने तसे लेखी जाहीर करावे. प्राधिकरणाच्या बैठकीत खाणकामाला तात्पुरती स्थगिती मागणाऱ्या देशांत भारताचे नाव दिसल्याशिवाय माझा विश्वास बसणार नाही.